रुसव्यातला टीव्ही

माझं लग्न मांडवातला चहा निवायच्या आत लागलं, आणि मग जेवणाच्या पंगतीत त्याचा जो विचका सुरू झाला तो निस्तरायला अख्खा पावसाळा गेला.

बाबा अनसिंगला प्राथमिक शाळेत मास्तर होते. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यानंतर त्यांनी आमच्या घरातून जुन्या रूढी एकेक करून वेचून काढल्या होत्या, आई तांदळातले खडे काढते तशा. हुंडा नाही, मानपान नाही, आहेर नाही, वरातही नाही. पांढरी साडी, पांढरा सदरा, त्रिशरण, पंचशील, फुलं, की झालं लग्न. बाबा मांडवभर फिरून ज्याला त्याला सांगत होते की पाहा, किती लवकर आटोपलं. नवरीकडे त्यांचं लक्ष नव्हतं, हातातल्या घड्याळाकडे होतं.

पण एक खडा राहून गेला होता. आमच्या वऱ्हाडात जावई पंगतीत रुसतो. पानं वाढून होतात, सगळे ताटकळतात आणि जावई हात मागे घेऊन बसतो. मग सासऱ्यानं जवळ जाऊन विचारायचं की काय पाहिजे. जावई सायकल म्हणतो, घड्याळ म्हणतो, फारच चढेल असला तर रेडिओ म्हणतो. सासरा हो म्हणतो किंवा घासाघीस करतो, आणि मग भुकेले वऱ्हाडी एकदाचे जेवतात. ही रूढी कुठल्या पोथीत लिहिलेली नव्हती, म्हणून बाबांना ती काढून टाकायचं सुचलंच नाही.

माझ्या नवऱ्याला रुसायचं नव्हतं. तो वाशीमच्या डेपोत एसटी कंडक्टर होता, स्वभावानं हसरा, आणि त्याला सपाटून भूक लागली होती. पण त्याच्या शेजारी त्याचे मोठे काका बसले होते. त्यांनी मांडीला चिमटा काढला तसा याने हात मागे घेतला. बाबांचा चेहरा उतरला. सगळ्या गावासमोर, स्वतःच्या मांडवात, त्यांना जावयासमोर वाकून विचारावं लागलं. नवऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "टीवी."

पंगतीत हशा पिकला. तेव्हा आमच्या भागात टीव्ही कोणी पाहिलाही नव्हता. नवऱ्यानं तो एकदा मुंबईला दुकानाच्या काचेतून पाहिला होता. नंतर त्यानं मला सांगितलं की मिळणारच नाही अशी वस्तू त्यानं मुद्दाम मागितली. सासरे हसून नाही म्हणतील, मीही हसून घास घेईन, रुसवा मिटेल आणि कोणाचं काही जाणार नाही, असा त्याचा हिशेब. कंडक्टर माणूस, हिशेब चोख होता. फक्त त्यात बाबा धरलेले नव्हते.

लोक हसले ते बाबांना लागलं. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "देतो. माझ्या जावयाला टीव्ही देतो."

झालं. ज्याला नको होता त्यानं मागितला आणि ज्याच्याजवळ नव्हता त्यानं कबूल केला.

बाबांचा एक चुलतभाऊ मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याच्या घरी एक जुना टीव्ही होता, लाकडी पेटीचा, चार पायांचा, समोर सरकती दारं असलेला. हे मुंबईचे काका तो विकायलाच बसले होते. का विकताय, असं बाबांनी विचारलं नाही, आणि तुम्ही तो कुठं लावणार, असं काकांनी विचारलं नाही. दोघंही मोठ्या मनाचे. गोधडीत गुंडाळलेला टीव्ही अकोल्यापर्यंत मोठ्या गाडीनं, तिथून छोट्या लाइनीनं वाशीमला आणि वाशीमहून एसटीच्या टपावर बसून माझ्या सासरी मेडशीला आला. त्यानंतर बाबांची सायकल कोणाला दिसली नाही. दुरुस्तीला टाकली आहे, असं आई सांगायची.

सासर कसं होतं तेही सांगून टाकते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. घरात सासरे, सासूबाई, नवरा, मी आणि म्हैस. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामाजी, म्हणजे मनात. तोंडानं नाही, कारण सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि काही सांगायचं झालं तर सासूबाईंकडून सांगायचं. सासूबाई जवळ नसल्या तर? तर म्हशीला सांगायचं. अंगणात मामाजी बिडी ओढत बसलेले असत आणि मी म्हशीच्या तोंडाशी जाऊन म्हणायची, "पाणी तापलं बाई." मामाजी उठून आंघोळीला जात. त्यांनाही मला काही सांगायचं असलं तर तेही म्हशीलाच सांगत. "आज भाकरीत मीठ नव्हतं म्हना." म्हैस रवंथ करत दोन्हीकडचं ऐकून घेई. बाबांनी इतके खडे वेचले, पण हा त्यांच्या व्याह्यांच्या घरातला होता आणि तो मलाच चावायचा होता.

टीव्ही मेडशीला आला त्या संध्याकाळी अर्धं गाव आमच्या अंगणात. मामाजींनी नवा सदरा घातला होता. ओसरीवर टीव्ही, त्याच्यावर सासूबाईंनी विणलेला रुमाल, समोर सतरंजी. बटण दाबलं. बराच वेळ काही नाही. मग काच उजळली, खरखर आवाज आला आणि पांढरे ठिपके नाचायला लागले. तेही धड नाचेनात. काच क्षणात उजळे, क्षणात विझे, पुन्हा उजळे. लोक डोळे मिचकावत बसले. शेजारच्या म्हातारीनं बराच वेळ पाहून निर्वाळा दिला की कोणीतरी कापूस पिंजून राह्यलं, आणि पिंजणारा दारू पेलेला आहे.

मग दुरुस्ती सुरू झाली. कोणालाही, अगदी कोणालाही वाटलं नाही की आपल्याकडे टीव्ही दिसतच नसेल. का वाटावं? आमच्या रेडिओवर नागपूर लागायचं, मुंबई लागायची, समुद्रापलीकडचं सिलोनसुद्धा खणखणीत लागायचं. सिलोन लागतं तर मुंबई काहून नाई दिसत, असा सगळ्यांचा सवाल होता, आणि खरं सांगते, माझाही तोच होता. म्हणजे दोष टीव्हीचा किंवा बिजलीचा. पिठाची चक्की बंद करवली. चक्कीवाला दळणाचे डबे बाजूला ठेवून टीव्ही पाहायला आला. लुकलुक चालूच. मग कोणी म्हणालं जमिनीत गाडलेल्या तारेला ओल पाहिजे, म्हणून तिथं घागरीनं पाणी ओतलं. ती घागर मीच वाहत होते. उन्हाळ्याचे दिवस, विहीर लांब, आणि मी पिण्याचं पाणी आणून एका तारेला पाजत होते.

अँटेना कुठं तोंड करून लावायची यावर तर भांडण पेटलं. मोठे काका म्हणाले अकोल्याकडे, कारण मुंबईला जायचं तर आधी अकोल्यालाच जावं लागतं. दुसऱ्या बाजूचे म्हणाले सूर्य बुडतो तिकडे, कारण समुद्र तिकडे आहे. छपरावर चढलेला माणूस दोन्हीकडच्या ओरड्यानं अँटेना गरगर फिरवत राहिला आणि खाली अंगणातून सगळे एका सुरात सांगत राहिले की नाही, नाही, अजून नाही.

आठवडाभरात गावानं टीव्हीचं नाव लुकलुक्या ठेवलं. मामाजी बाजारात गेले की लोक विचारत, लुकलुक्या कसा आहे? मामाजी कमी बोलणारे, कोरडवाहू ज्वारी-कापसाचे शेतकरी. चेष्टा त्यांना सोसायची नाही. पहिल्या माहेरपणाला मला नेण्यासाठी बाबा आले, त्या दिवशी मामाजी बाबांशी अवाक्षर बोलले नाहीत. चहा झाल्यावर उठले, गोठ्यात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हशीला म्हणाले, "टीवी संग घेऊन जा म्हना. सुधरला का दोघींनी संगच येजा. एकटीनं येऊ नोको."

मी दारात उभी होते. मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. माझं आणि त्या खोक्याचं एका वाक्यात लग्न लावून दिलं होतं. नवरा ड्यूटीवर होता. टीव्ही पुन्हा गोधडीत गेला, पुन्हा एसटीच्या टपावर चढला, आणि मी खाली सीटवर बसून अनसिंगपर्यंत रडत गेले.

माहेरी बाबांनी शाळेतल्या शिस्तीनं काम हाती घेतलं. रोज शाळा सुटल्यावर चहा, मग टीव्ही. वाशीमहून एक रेडिओवाला आणला, बोलका माणूस, कानाला पेन्सिल लावलेला. त्यानं मागचं झाकण काढलं आणि आत पाहून अशी मान हलवली की आई घाबरून चुलीकडे गेली. आतले काचेचे दिवे एकेक करून उपसून पुसले. त्यातला एक खाचेत ढिला बसत होता. त्यानं पेचकसाच्या मुठीनं त्याच्या बुडाशी ठोकलं, लुकलुक थांबली. सोडलं, सुरू. पुन्हा ठोकलं, थांबली. मग खाच घासून तार डागली, आणि लुकलुक कायमची गेली. काच नीट, स्थिर उजळली. बाबांनी त्याला मिठीच मारली. मी आत जाऊन पेटीत साड्या भरायला घेतल्या.

बाहेर आले तर सगळे टीव्हीकडे पाहत बसलेले. स्थिर काचेवर स्थिर पांढरे ठिपके. पिंजणारा शुद्धीवर आला होता, एवढाच फरक. लुकलुकत होता तोवर आशा तरी होती की लुकलुक थांबली की चित्र येईल. आता थांबायला काही उरलंच नव्हतं. मी साड्या पुन्हा बाहेर काढल्या.

रेडिओवाला म्हणाला, अकोल्याच्या आपल्या उस्तादांना विचारून येतो. परत आला तेव्हा त्याचा बोलकेपणा गेला होता. बाबांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. बाबा बराच वेळ निंबाखाली उभे राहिले. मला वाटलं एखादं मोठं सामान लागणार असेल. पण दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती पुन्हा सुरू झाली, उलट जास्त जोरात. बाबा अँटेना फिरवायचे, तारेला पाणी घालायचे, मागची बटणं पिळायचे. रेडिओवालाही येऊन बसायचा, चहा प्यायचा, झाकण काढायचा आणि लावायचा. मी विचारलं की होईल ना बाबा, तर ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, होईल होईल, हवामान जरा उघडू दे.

नवऱ्यानं त्याची ड्यूटी वाशीम-पुसद गाडीवर लावून घेतली होती. ती अनसिंगला थांबायची. मी भाजीचं निमित्त काढून स्टँडवर जायची. पण स्टँडवर गाव असायचं, आणि रुसव्यातला जावई सासुरवाडीच्या गावात बायकोशी काय बोलणार? तो खिडकीतून खणखणीत विचारी, "टीवी कसा आहे?" मी म्हणायची, बरा आहे. तो विचारी, "जेवते का बरोबर?" लोक बघायला लागत, मग तो म्हणे, "म्हंजे बिजली पुरते का?" मी म्हणायची, पुरते, पण झोप लागत नाही त्याला. तो घंटीची दोरी ओढायचा. त्याचं तोंड वेडंवाकडं व्हायचं आणि गाडी निघून जायची. मला हसू यायचं आणि घरी येईपर्यंत त्याचं रडू व्हायचं.

जून गेला. जुलै गेला. बाया आईला विचारायला लागल्या की पोरगी किती दिवस राहणार. एका दिवशी गाडीचं चाक पंक्चर झालं, उतारू झाडाखाली पांगले, आणि पहिल्यांदा आम्हाला थोडं बाजूला उभं राहता आलं. मी विचारलं, आणखी किती दिवस लागतील टीव्ही सुधरायला?

तो खाली पाहत म्हणाला, "थो सुधरतच नाई. मुंबईचं इथवर येतच नाई. मागतला तवा मलेबी मालूम नवतं."

मला वाटलं याला ऊन लागलं. मग त्यानं सगळं सांगितलं. रेडिओवाल्यानं ते बाबांना सांगितलं होतं. वाशीमच्या बाजारात मामाजींनी त्याला गाठलं तेव्हा मामाजींनाही सांगितलं होतं. मोठ्या काकांनाही माहीत होतं.

"मंग मामाजी बोलत काहून नाईत?" मी विचारलं.

"कसे बोलतीन? म्हशीसमोर बोलून बसले."

बाबांचं कोडंही मला तिथंच उलगडलं. चित्र कधीच येणार नाही हे कबूल केलं तर मामाजींची अट कधीच पुरी होणार नाही, म्हणजे मुलगी कायमची घरी. म्हणून ते रोज तारेला पाणी घालत होते. त्या दिवशी मला जो राग आला तो मी आजवर विसरले नाही. माहीत असलेली एवढी मोठी माणसं, मिशांची, धोतरांची, चष्म्यांची, रोज एका मुक्या खोक्याची नाडी पाहत होती, कारण कोणालाच आधी बोलायचं नव्हतं. आणि मला तर बोलायची मुभाच नव्हती. वाट पाहणारी तेवढी मी होते. मी घरी आले, टीव्हीला एक लाथ घातली आणि अंगठा दुखावून घेतला.

ज्वारी पोटरीत आली, कणसं बाहेर पडायच्या बेताला आली, तेव्हा मामाजींचा निरोप आला की टीव्ही पाहायला येतो. मोठे काकाही सोबत आले, नवरा आला. बाबांनी ओसरी सारवून घेतली, रेडिओवाल्याला बोलावून ठेवलं. दिवस कलायला आला होता. बाबांनी दारं सरकवली, बटण दाबलं. काच तापली, उजळली, आणि तोच आपला पिंजलेला कापूस. सगळे मांडी घालून पाहत बसले. बाबा म्हणाले की आज ढग जास्त आहेत. रेडिओवाला म्हणाला की हो, ढग. मोठे काका म्हणाले की अँटेनाचं तोंड अकोल्याकडे नाही. मामाजींच्या कपाळावरची शीर तटतटलेली मला चहा देताना दिसली, आणि मला त्या क्षणी कळलं की हा माणूस इथं निकाल द्यायला आलेला नाही. याला घरी न्यायचं आहे मला. फक्त कसं न्यायचं ते त्याला येत नाही.

मी चहाची थाळी खाली ठेवली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि सरळ टीव्हीसमोर जाऊन बसले, पुरुषांच्या पुढे, त्यांच्याकडे पाठ करून. आई आतून शुक्‌ शुक्‌ करत होती. इथं म्हैस नव्हती, पण टीव्ही होता. शाळेत वाचनात माझा पहिला नंबर यायचा. रेडिओवरची बाई बोलते तो आवाज मी काढला.

"बातम्या लागल्या," मी म्हटलं. "आजच्या ठळक बातम्या. मेडशी परिसरात यंदा पाऊस समाधानकारक झाला असून ज्वारी पोटरीत आली आहे. मात्र एका घरातील म्हैस सून गेल्यापासून दूध चोरते, पुरता पान्हा सोडत नाही, असे समजते."

मोठे काका पुढे वाकून म्हणाले, "हे कुठी दिसून राह्यलं?"

"चूप राय," मामाजी म्हणाले. "आयकू दे."

थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. सांगितलं की सदर घरातील सासूबाईंचे गुडघे दुखत असून विहिरीचे पाणी कोण भरते याबाबत माहिती मिळू शकलेली नाही. सांगितलं की अनसिंग येथील एक शिक्षक हल्ली शाळेत पायी जातात. बाबांनी मान खाली घातल्याचं मला काचेत दिसलं. ठिपक्यांच्या आड सगळ्यांचे चेहरे त्या काचेत पुसट उमटले होते, एवढं चित्र तर त्या टीव्हीनं मला दाखवलंच.

मामाजी खाकरले. मग त्यांनी विचारलं, मला नाही, टीव्हीला. "सुनेचं काय म्हनते?"

"तिला सासरी जायचे आहे," मी वाचलं. "तिचा टीव्हीशी काही संबंध नाही. तिला अद्याप कोणी विचारलेले नाही. अंतिम निर्णय मेडशीहून अपेक्षित आहे. बातम्या संपल्या."

नवऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मामाजी त्या नुसत्या ठिपक्यांकडे पाहत राहिले, अगदी टक लावून, आपल्या शेताकडे पाहावं तसं. मग बाबांकडे वळले.

"गुरुजी," ते म्हणाले, "साफ दिसून राह्यलं."

मामाजींनी मोठ्या भावाकडे पाहिलं. "तुले दिसते का नाई?"

मोठ्या काकांनी डोळे बारीक केले, टीव्हीकडे पाहिलं, भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "दिसते," ते म्हणाले. "थोडं थोडं दिसते."

"मंग बंद करा. बिजली जळून राह्यली." आणि मग टीव्हीच्या पेटीवर हात ठेवून, तिलाच सांगावं तसं, मामाजी म्हणाले, "सामान बांधा म्हना. दोघींनी चाला."

बाबांनी बटण बंद केलं. काचेच्या मधोमध तो पांढरा ठिपका लहान लहान होत गेला. मी आत जाऊन आईच्या गळ्यात पडले. कोणी मला काही म्हणालं नाही. रेडिओवाला मात्र जाता जाता बाबांना म्हणाला की मास्तर, असा रिपेर मी आजवर पाहिला नाही.

मेडशीला टीव्ही ओसरीवर त्याच जागी बसला. त्याच्यावर पुन्हा रुमाल आला. मला वाटलं होतं की विषय संपला. पण दोन-चार दिवसांनी संध्याकाळी मामाजींनी स्वतः दारं सरकवली, बटण दाबलं, काच उजळू दिली आणि सतरंजीवर बसून म्हणाले, "काय म्हनते आज?"

मी भाकरी थापत होते. हात धुतले आणि येऊन बसले. त्या दिवशीच्या बातम्यांत चुलीचा धूर होता, ओलं सरपण होतं आणि म्हैस दूध चोरायची थांबल्याची खबर होती. मग ते रोजचंच झालं. पाच-सात मिनिटं, मग बंद. शेजारची म्हातारी येऊन बसायची आणि बातम्या संपल्या की सांगायची, कापूस चांगला पिंजते तुमची सून. मला घरात जे बोलता येत नव्हतं ते सगळं मी त्या काचेला सांगितलं. माझी कूस भरली ती बातमी मामाजींना तिथंच कळली. त्यांनी बंद करायला हात पुढे केला तो बराच वेळ बटणावर तसाच राहिला. मेडशीत बालवाडी निघाली आणि बाई पाहिजे होती तेव्हाही मी वाचलं की याच गावात एक मॅट्रिक पास सून भाकऱ्या थापत बसली आहे. मामाजींनी विचारलं की घरचं काम कोण करते, याबद्दल काही म्हनते का थो? मी म्हटलं, सकाळी लवकर उठून सून स्वतः करील, असे विश्वसनीय सूत्रांकडून समजते. ते म्हणाले, मंग जाऊ दे म्हना. मी त्या बालवाडीवर केस पांढरे होईपर्यंत नोकरी केली.

पुढं पाचसहा वर्षांनी कुठंतरी उंच मनोरा उभा राहिला आणि एका संध्याकाळी, मी तोंड उघडायच्या आधीच, ठिपके बाजूला झाले. खरोखरीची एक बाई काचेत बसली होती, केसांत फूल, हातात कागद, आणि मी ज्या आवाजात बोलायची त्या आवाजात बातम्या देत होती. अंगणात आरडाओरडा झाला. गाव गोळा झालं. म्हातारी कापूस कुठं गेला म्हणून विचारत राहिली. नवरा आनंदानं सगळ्यांना पाणी वाटत होता, आपली मागणी कशी दूरदृष्टीची होती ते सांगत.

मी चुलीपाशी बसले आणि मला एकदम पोरकं वाटलं. बाबांच्या सायकलीचा, माझ्या सगळ्या पावसाळ्याचा टीव्ही अखेर चालू झाला होता, आणि माझी बोलायची जागा गेली होती. म्हैस तर कधीच विकली होती. त्या आठवड्यात मामाजी आणि मी एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. ते रोज बातम्यांना बसायचे. बाई दिल्लीचं सांगायची, मुंबईचं सांगायची, परदेशातलं सांगायची. ते शेवटपर्यंत ऐकायचे, काहीतरी राहिलं म्हणून थोडा वेळ बसून राहायचे, मग उठायचे.

असंच एकदा बातम्या अर्ध्यावर आल्या होत्या. मी पदर सावरत सतरंजीच्या कडेनं सरपण आत नेत होते. मामाजी उठले. त्यांनी बटण बंद केलं. काचेत त्या बाईचा ठिपका झाला आणि गेला. ओसरीवर आम्ही दोघंच होतो, आणि सांगायला ना म्हैस होती ना टीव्ही. ते वळले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हिले आपल्या घरचं काईच मालूम नाई," ते म्हणाले. "तू सांग, बाई."

मी सरपण खाली ठेवलं. रेडिओवरच्या बाईचा आवाज काढायला गेले तर तो निघालाच नाही, माझाच निघाला. म्हटलं, मामाजी, आत्याबाईचे गुडघे आज बरे हायेत. पोट्टा शाळेत पडला, पन लागलं नाई. आन तुमी दुपारी भाकर अर्धीच खाल्ली, थे मी पाह्यलं.

ते सतरंजीवर बसले. "हं," म्हणाले, "आनखी?"